उपाशी ओळ

तिने शेवटच्या खळग्यात थेंब सोडला, पिपेटचं टोक कचऱ्याच्या डब्यात पाडलं आणि प्लेट हलकेच डावी-उजवीकडे हलवली. शहाण्णव खळगे, प्रत्येकात यकृताच्या पेशींचा थेंबभर अर्क. आता पाच मिनिटं थांबायचं. ज्या खळग्यात पिवळा रंग चढेल तिथल्या पेशींकडे साठा शिल्लक आहे. जो पाण्यासारखा राहील, तिथला संपला.

साठा कसला, तर ग्लुटाथायोनचा. नाव अवघड, काम सोपं. पेशीत विष शिरलं की हे पुढे होतं, त्याला धरतं, बाहेर नेऊन सोडतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. शेजारच्या टेबलावरची सहकारी त्याला 'वॉचमन' म्हणायची. ही बाई सकाळी एकदा सुरू झाली की संध्याकाळपर्यंत बंद होत नसे, म्हणून अख्ख्या प्रयोगशाळेत तिचं नाव रेडिओ पडलं होतं. तिला त्याचं काही वाईट वाटत नसे, उलट फोनवरसुद्धा ती स्वतःच "रेडिओ बोलतेय" म्हणायची.

"आले का गं वॉचमन ड्यूटीवर?" रेडिओने मान वर न करता विचारलं.

"येतायत."

वरच्या चार ओळी पोटभर खाद्य दिलेल्या, खालच्या चार रात्रभर उपाशी ठेवलेल्या. हा तिथला नेहमीचा शिरस्ता. मग सगळ्यांना एकच औषध, एकाच मापाने: पॅरासिटामॉल, ताप-अंगदुखीवरची साधी गोळी, जी घरोघरी कुठल्या तरी खणात पडलेली असते. पोटभर ओळी ते माप सहज पचवतात. उपाशी ओळींत वॉचमन आधीच निम्म्यावर आलेले असतात, उरलेले औषधाशी झुंजण्यात संपतात. आणि या ओळी शेवटपर्यंत दिसायला ठणठणीत! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसा, काही वावगं दिसायचं नाही. साठा तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेला की मात्र हां हां म्हणता सगळा कारभार आटोपतो. चौदा वर्षं ती हे बघत आली होती. आदल्या संध्याकाळी खाद्य काढून घेणारा हातही तिचाच असायचा.

बाराला तिच्या मोबाइलचा गजर झाला.

"झाला बाराचा भोंगा!" रेडिओ म्हणाली. "जा, काकांची गोळी चुकेल."

ती हातमोजे काढून दारापर्यंत गेली आणि तिने नंबर लावला. पलीकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"बाबा, गोळी घेतली?"

"घेतली. दोन."

"बरं."

"बरं."

फोन बंद. सात-आठ सेकंदांचं काम. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा, असे दिवसाचे चार फोन, आज नववा दिवस.

आईला जाऊन चार महिने झाले होते. भेटायला आलेल्या सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, रडून घे, मोकळी हो. तिला रडू आलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली आणि तेव्हापासून सगळं यथासांग चाललं होतं. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर ओठ जसा होतो, तशी ती झाली होती. ओठ आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही. तिला या अवस्थेबद्दल तक्रारही नव्हती. कामं होत होती, बिलं भरली जात होती, एक दिवसाआड सकाळी बसमधून उतरून बाबांकडे दोन भरलेले डबे ठेवायचे आणि आधीचे रिकामे उचलायचे, हेही होत होतं. दारातच. चपलासुद्धा न काढता.

"मी म्हणते, किती दिवस झाले गं गोळ्यांना?" ती परत येताच रेडिओने विचारलं. "एकच दात दुखतोय ना? की काकांनी दातांची वखार घातलीय?"

"दाताच्या डॉक्टरांची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. तोवर काढायचे दिवस."

"आणि दिवसाला आठ गोळ्या?"

"आठ. अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या. म्हणजे चार ग्रॅम. मर्यादेत आहे."

"मग काय! आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळतंय त्यातलं?" रेडिओ म्हणाली आणि दुसऱ्या विषयाला लागली.

पाच मिनिटं झाली होती. वरच्या चार ओळी पिवळ्याधमक झाल्या होत्या. खालच्या चार पाण्यासारख्या. अगदी जसं व्हायला हवं तसं. तिने वही उघडली, तारीख घातली, वरच्या ओळींपुढे 'पोटभर' लिहिलं आणि खाली 'उ' काढला. पुढचं अक्षर काढायला पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

तिला बाबांचं घड्याळ दिसलं. आज सकाळी दारात रिकामे डबे देताना त्यांनी हात पुढे केले, तेव्हा मनगटावरचं घड्याळ घसरत पार कोपराजवळ गेलं होतं आणि त्यांनी ते दुसऱ्या हाताने खाली ओढून घेतलं होतं. सकाळी तिने ते पाहिलं होतं. पाहून, डबे पिशवीत टाकून, ती निघून आली होती.

आणि डबे. घासूनपुसून लख्ख, झाकणाच्या कडेतलं पाणीसुद्धा टिपलेलं. बाबांनी आयुष्यात कधी पेला विसळला नव्हता. आई असताना जेवलेलं ताट तिथेच ठेवून उठणारा माणूस! माणूस बदलला असेल, एकटा राहून शिकला असेल, असं तिला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तिला काहीच वाटलं नव्हतं.

"काय झालं गं?" रेडिओने विचारलं.

"मी घरी जाऊन येते. प्लेटचं रीडिंग घेशील?"

"घेते. पण झालं काय?"

"बाबांना गोळ्या मी दिल्या," ती म्हणाली, "पण ते कुठल्या ओळीत आहेत, ते बघितलंच नाही."

रेडिओने प्लेट आपल्याकडे ओढून घेतली.

*

बाबांनी दार उघडलं तेव्हा त्यांची दाढी गुळगुळीत केलेली होती, सदरा पँटमध्ये नीट खोचलेला होता. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. एकतीस वर्षांत एक टवका नाही की एक दंड नाही. समोर पाटीवर चाळीस लिहिलं असेल तर काटा चाळिसावर, मग मागचे सगळे हॉर्न वाजवून थकोत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते सकाळी सहाला दाढी करून तयार बसायचे.

"आत्ता? ठके, आज सुट्टी का?" त्यांनी विचारलं. तिला पन्नाशी जवळ आली होती, पण या घरात ती अजून ठकीच होती.

"सहज आले. दात कसा आहे?"

"बरा आहे की."

ती त्यांना खिडकीशी घेऊन गेली आणि बोटाने त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच वाटला. प्लेटमध्ये पिवळं दिसलं की जीव भांड्यात पडायचा. इथे पिवळं दिसू नये म्हणून ती उजेडाकडे पुन्हा पुन्हा त्यांचं तोंड फिरवत होती. बाबा मुकाट्याने फिरत होते.

"मळमळतं का?"

"थोडंसं. कालपासून. पित्त असेल."

"जेवताय ना नीट?"

"जेवतो की."

ते हे तिच्याकडे न बघता म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, दोन शब्दांतसुद्धा पकडला गेला. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर काही नव्हतं. फ्रिजमध्ये पाण्याची बाटली, अर्धं लिंबू. फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवलेला तिच्याच अक्षरातला कागद होता: सात, बारा, पाच, दहा, दोन-दोन गोळ्या. प्रत्येक वेळेपुढे बारीक बरोबरच्या खुणा, नऊ दिवसांच्या, एकही चुकलेली नाही. मग तिने वरचा बर्फाचा कप्पा उघडला.

पिशव्या. प्लास्टिकच्या, तोंडाला रबर लावलेल्या, ओळीने रचलेल्या. प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात तारीख. सगळ्यांत खाली आठ दिवसांपूर्वीची, सगळ्यांत वर आजची. आत तिने रांधलेलं सगळं, गोठून दगड झालेलं. तिच्या प्रयोगशाळेत नमुने असेच रचलेले असतात, पण इतके नीट नसतात.

"टाकवेना," बाबा मागे येऊन उभे राहिले होते. "तू इतकं करून आणतेस. आधी दाताने चावेना. मग भूकच मोडली. म्हटलं, भूक लागली की एक-एक काढून खाऊ."

तिला रागावायचं होतं. त्यासाठी जे काही आतून वर यायला लागतं ते आलं नाही. तिने फक्त कप्प्याचं दार लावलं.

"चपला घाला, बाबा. दवाखान्यात जायचंय."

"दाताच्या? तारीख तर पुढच्या—"

"दाताच्या नाही."

टॅक्सीत ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि सिग्नल पिवळा असताना त्याने गाडी दामटली तेव्हा जिभेने 'च्च' करून खिडकीबाहेर बघू लागले. मागे बसून ती हिशेब करत होती. आठ गोळ्या, नऊ दिवस, पोटात जवळजवळ काही नाही. वजन किती उतरलं असेल? प्लेटमध्ये साठा भरून काढणारं औषध वेळेत घातलं तर पेशी वाचतात. उशीर झाला तर त्याचा उपयोग कमी-कमी होत जातो. प्लेटमध्ये ती वेळ तिला मिनिटांत माहीत होती. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ती रेष मागे पडलीय की अजून पुढे आहे, हे तिला माहीत नव्हतं, आणि त्याला बघून तर मुळीच कळत नव्हतं. तो दिसायला ठणठणीत होता.

*

तातडीच्या विभागातली डॉक्टर तरुण होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण वागायला गोड.

"दिवसाला किती गोळ्या?"

"आठ," बाबांनी सांगितलं. "एकही जास्त नाही. ही लिहून देते, मी घेतो."

"म्हणजे चार ग्रॅम. एवढ्या चालतात काका." डॉक्टर तिच्याकडे वळली. "इतकं घाबरण्यासारखं नाहीये. मळमळीचं औषध देते, दोन दिवसांनी—"

"ते नऊ दिवस जेवलेले नाहीत."

"अजिबात?"

"चहा-बिस्किट," बाबा म्हणाले. "बिस्किट बुडवून. तेही कधीकधी."

डॉक्टरचं पेन थांबलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" तिने विचारलं.

"नाही. मी प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर काम करते. त्यांना उपाशी ठेवते आणि हेच औषध देते." आवाज तिचाच होता, सपाट, वहीतून वाचून दाखवल्यासारखा. "पोटभर असलेल्या पेशी जे माप सहज पचवतात, त्या मापाने उपाशी पेशी मरतात. यांचं वय बहात्तर आहे. रक्त तपासा, पण रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. साठा भरून काढायचं औषध आत्ता सुरू करा."

डॉक्टरने एकदा बाबांच्या मनगटाकडे पाहिलं. मग तिने फोन उचलला, वरिष्ठांशी बोलली, "हो सर, उपाशी... नऊ दिवस... हो," असं तीनदा म्हणाली, आणि फोन ठेवून नर्सला हाक मारली.

अर्ध्या तासात बाबांच्या हाताला सलाइन लागलं होतं. बाटलीवर औषधाचं नाव होतं. तेच औषध तिच्या टेबलावरच्या कपाटात दुसऱ्या खणात, डावीकडून तिसऱ्या बाटलीत असतं. प्लेटमध्ये घालताना ती ते दशलक्षांश लिटरच्या मापाने मोजायची. इथे ते थेंबाथेंबाने पडत होतं आणि मोजायचं काम मशीन करत होतं. तिच्या हातांना काहीच काम उरलं नव्हतं. ते तिने मांडीखाली घेतले.

साडेचारच्या सुमाराला डॉक्टर रिपोर्ट घेऊन आली.

"यकृताला मार बसलाय," ती म्हणाली. "पेशी फुटल्यावर जे रक्तात उतरतं, ते नेहमीच्या वीसपट आहे. तुम्ही अडून बसला नसतात तर मी घरी पाठवलं असतं यांना." ती जरा थांबली. "पण रक्त गोठतंय नीट. अजून तरी. म्हणजे यकृत काम सोडून बसलेलं नाही. वेळेत आलात असं मला वाटतंय. पण उद्या सकाळचं रक्त बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"नका देऊ," ती म्हणाली.

डॉक्टर गेली. बाबा छताकडे बघत होते.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "तुमची नाही. मी प्रत्येक प्रयोगाच्या कागदावर थांबायची वेळ लिहिते. सगळ्यांत आधी तीच लिहिते. तुमच्या कागदावर लिहिली नाही."

"असू दे गं."

"दात अजून दुखतोय का?"

बाबांनी उशीवर मान दुसरीकडे वळवली.

"बाबा?"

"थांबला."

"कधी?"

"पाचव्या दिवशी," ते म्हणाले. "सकाळी उठलो तर नाहीच. गेलाच ठणका."

तिने मनात मोजलं. पाचवा दिवस, आणि आज नववा. चार दिवसांच्या बत्तीस गोळ्या, वर आजच्या चार.

"मग घेत का राहिलात?"

बाबांनी सलाइनच्या हाताने चादरीची घडी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"तू फोन करायचीस," ते म्हणाले.

कुठे तरी एक ट्रॉली खडखडत गेली.

"दात थांबला म्हणून सांगितलं असतं, तर गोळी बंद. गोळी बंद, म्हणजे फोन बंद. दिवसात चारदा घंटी वाजायची घरात." ते पुढे अवघडून म्हणाले, "बरं, फोनवर 'घेतली' म्हणायचं आणि घ्यायची नाही, हे काय आपल्याला जमत नाही. मग घ्यायचो. मर्यादेत होतं ना सगळं."

ती उठून सलाइनचा दर बघायला गेली. तो ठीकच होता. ती तिथेच, त्यांच्याकडे पाठ करून, उभी राहिली.

"जेवणाचं मला सांगायचंत ना."

"तू गोळीचं विचारायचीस," बाबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. रस्ता विचारणाऱ्या माणसाला सांगावा तसा त्यांचा सूर होता. "जेवणाचं तुझी आई विचारायची. डेपोत फोन यायचा एक वाजता. सगळे हसायचे. मी दोन शब्द बोलून ठेवून द्यायचो. तिथे सगळ्यांसमोर किती बोलणार?"

पाच वाजले. तिच्या मोबाइलचा गजर झाला. बाबांनी सवयीने उशाशी हात नेला, तिथे त्यांचा स्वतःचा फोन ठेवलेला होता, आणि मग ओशाळून हात मागे घेतला.

तिने गजर बंद केला. मोबाइल हातात धरून ती खोलीच्या बाहेर आली, दार मागे लोटून घेतलं. दाराला वर काचेची चौकट होती. त्यातून पलंगाचा अर्धा भाग आणि सलाइनची बाटली दिसत होती. तिने नंबर लावला.

आत घंटी वाजली. या वेळी त्यांनी ती तीनदा वाजू दिली.

"हॅलो?"

"बाबा."

"बोल."

"जेवलात?"

काचेतून तिला त्यांचा फोन धरलेला हात दिसत होता, आणि त्या हातावर, कोपराशी गेलेलं घड्याळ.

"नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आज काय, काल काय, शेवटचं कधी बसून जेवली, ते तिला आठवेना. ओट्याशी उभ्याने खाल्लेलं आठवलं, बसमध्ये खाल्लेलं आठवलं, पिशवीत तसाच राहिलेला डबा आठवला. ती भिंतीला टेकली आणि टेकल्या जागी हळूहळू खाली बसली.

"हॅलो?" बाबा म्हणाले. "ठके, आहेस ना?"

"आहे."

"इतक्यात ठेवू नकोस हं."

"नाही ठेवत," ती म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसले.